अरुंद सीट, रुंद माणूस: स्पोर्ट्स कारमध्ये नीट बसायचं कसं

२०१० च्या ऑक्टोबरात आमच्या शहरातल्या लोकांनी मिळून एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि त्याची बातमी देशभर झाली. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरात महागड्या गाडीचं कुणाला फारसं नवल राहिलं नाही. आता पुढची हौस सुरू आहे. पुण्या-मुंबईत चार-सहा वर्षं फिरलेली, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार सेकंडहँडमध्ये आणायची. गाडी येते, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात आणि पहिल्याच लांबच्या फेरीत कळतं, की ही सीट ज्या माणसासाठी घडवली तो माणूस आपण नाही.

माझी उंची सहा फूट, वजन एकशेआठ किलो. परभणीच्या भाऊजींचं एकशेचोवीस. दोघांनी दोन वेगळ्या गाड्यांच्या सीटशी झटापट केली आहे, त्यातलं जे कामाला आलं ते इथे लिहितो. ‘वजन कमी करा’ हा सल्ला घरचे, डॉक्टर आणि पानटपरीवाला फुकट देतात, त्यामुळे तो इथे मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सीट टोचायला लागली की माणूस पहिल्यांदा उशी आणतो. कुणी जेलची, कुणी मण्यांची, कुणी घरच्या सोफ्यावरची. स्पोर्ट्स कारमध्ये ती हमखास चूक ठरते. या सीटमध्ये मऊपणा कमी नसतो, जागा कमी असते. एक इंचाची उशी टाकली की डोकं इंचभर छताकडे जातं, मांड्या इंचभर स्टिअरिंगकडे जातात, आणि कुल्ले बाजूच्या उंचवट्यांमध्ये अडकलेलेच राहतात. म्हणजे गादी घालायची नाही, काढायची आहे.

कुठे टोचतंय ते आधी शोधा

‘सीट खराब आहे’ एवढ्यावर कारागिराकडे गेलात तर तो त्याच्या मनाने कापेल. त्याला जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. मी केलेला उपाय शाळकरी आहे. गडद रंगाची जुनी जीन्स घाला. शाळेच्या फळ्याचा पांढरा खडू सीटच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर, पुढच्या कडेवर आणि पाठीच्या खालच्या भागावर घासा. सावकाश बसा, अर्धा तास बसून राहा, सावकाश उतरा. जीन्सवर जिथे खडू नुसता लागला आहे तिथे सीट टेकते, जिथे तो कापडात घट्ट दाबून बसला आहे तिथे ती चावते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माझ्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला कढीपत्त्याच्या डहाळीएवढा लांबट डाग उमटला होता, डावीकडे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मी सीटमध्ये सरळ बसतच नव्हतो.

दुखण्याची जागाही बरंच सांगते. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला आग होत असेल किंवा मुंग्या येत असतील तर जांघेजवळून जाणारी कातडीची नस दाबली जाते आहे. घट्ट पट्टा आणि पोटाचा भार ही त्याची नेहमीची कारणं. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाला दार किंवा मधला कन्सोल टेकून पाऊल बधिर होत असेल तर सीट नाही, पाय ठेवण्याची पद्धत बदलायची. गुडघ्यामागे दुखतं तेव्हा सीटची पुढची कड उंच असते. खांदे पुढे ढकलल्यासारखे वाटले तर पाठीचे वरचे उंचवटे अरुंद आहेत. आणि गाडीतून उतरून बराच वेळ झाला तरी बधिरपणा जात नसेल तर कारागीर सोडा, डॉक्टर गाठा.

खिसे, करदोडा आणि बटणं

मागच्या खिशातलं पाकीट काढा. पुढच्या खिशातली किल्ली, मोबाइल काढा. चामडी पट्ट्याचं बकल मोठं असेल तर लांबच्या प्रवासाला तो पट्टा नको. हसू नका, पण करदोड्याची गाठही बघा. भाऊजींच्या कमरेवर रोज संध्याकाळी जो लाल वळ उठायचा, तो सीटचा नव्हताच. गाठ फिरून बरोबर उंचवट्याच्या आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये यायची. गाठ पुढे घेतली, वळ गेला.

बटणांची गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. भाऊजींची गाडी त्यांच्याकडे आठ महिने होती. परभणी ते संभाजीनगर या वाटेवर ते दोनदा थांबून पाय मोकळे करायचे, सीटला शिव्या घालायचे. एकदा मी सीटखाली हात घालून चाचपलं तर दाराकडच्या बाजूला, नेहमीच्या पुढे-मागे करण्याच्या बटणांच्या खाली, आणखी दोन चपटी बटणं लागली. एक दाबलं तर आतून ‘सूं’ असा हवेचा आवाज आला आणि दोन्ही बाजूचे उंचवटे हळूहळू सैल पडले. आधीचा मालक सडपातळ पोरगा असावा, त्याने ते आपल्या अंगाला घट्ट आवळून ठेवले होते. भाऊजी काही क्षण बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आठ महिने लेका मी दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालून हिंडलो.”

म्हणून पुस्तिका वाचा. नसेल तर गाडीचं मॉडेल आणि साल टाकून नेटवर शोधा. कमरेचा आधार, म्हणजे लंबर, हवेचा असेल तर तो पूर्ण रिकामा करून बघा. भरलेला लंबर जाड माणसाला पुढे ढकलतो आणि आधीच तोकडी असलेली जागा आणखी खातो.

बसण्याची जागा ठरवणं

आता सीट सगळ्यात खाली घ्या. कुल्ले पार मागे, पाठीच्या कोपऱ्यात सरकवा. बहुतेक जण इथेच चुकतात, पुढे घसरून बसतात आणि मग कंबर दुखते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील एवढं अंतर ठेवा. मॅन्युअल गाडी असेल तर हेच क्लचने तपासा. पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, शंभर ते एकशेदहा अंशाच्या आसपास. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोचलं पाहिजे.

पोट असलेल्या माणसाला स्टिअरिंगची खालची कड लागते, म्हणून तो सीट मागे घेतो, मग पाय पुरत नाहीत. आधी स्टिअरिंग वर करून बघा. बाहेर ओढता येणारं असेल तर ते थोडं तुमच्याकडे आणून सीट मागे घेता येते. मात्र छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान २५ सेंटीमीटर अंतर राहिलंच पाहिजे. टेप नसेल तर एक वीत आणि वर दोन बोटं. एअरबॅग फुटते तेव्हा तिला उघडायला एवढी जागा लागते, आणि यात तडजोड नाही. एवढं अंतर कशानेच मिळत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, हे मला तरी सांगून टाकणं भाग आहे.

निम्म्या लोकांचं काम इथेच होतं. राहिलेल्यांनी पुढे वाचा.

सीट बाहेर काढणं

फोमचं काम सीट गाडीत ठेवून करायचं नाही. आणि सीट काढणं म्हणजे चार बोल्ट, एवढंही ते सोपं नाही, कारण आधुनिक गाडीच्या सीटमध्ये वायरी असतात आणि त्यातल्या काही एअरबॅगच्या असतात. दाराकडच्या अंगाला, पाठीच्या शिवणीवर ‘एअरबॅग’ असं छोटं लेबल दिसलं तर सीटमध्येच बाजूची एअरबॅग आहे. सीटबेल्टच्या बकलमध्येही कधीकधी पट्टा आवळणारा छोटा स्फोटक भाग असतो. या सगळ्यांची जोडणी पिवळ्या रंगाची असते. पिवळं दिसलं की हात आवरायचा.

क्रम असा ठेवा. बॅटरी चालू असतानाच सीट पुढे घ्या आणि मागचे दोन बोल्ट काढा. मग सीट मागे घ्या आणि पुढचे दोन काढा. मग ती मध्यावर आणून ठेवा. हे विसरून आधी बॅटरी काढली तर विजेवर चालणारी सीट आहे तिथेच राहते आणि बोल्ट तिच्याखाली लपतात. आता बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पंधरा मिनिटं चहा घ्या. थांबायचं कारण असं, की एअरबॅगच्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते, ती उतरू द्यायची. मगच सीटखालच्या जोडण्या सोडा. सीट बाहेर असताना गाडीची किल्ली फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं. मला जावं लागलं.

बोल्टच्या डोक्याला बऱ्याचदा चांदणीच्या आकाराचा पाना लागतो. साध्या षटकोनी पान्याने जोर लावून डोकं घासलं तर पुढे ड्रिल मारायची वेळ येते. सीट वजनदार असते, दोन माणसं लागतात. दाराच्या उंबऱ्यावर जुनी वाकळ टाका, कारण सीटखालच्या, रेल्वेच्या रुळासारख्या लोखंडी पट्ट्यांच्या कडा रंग ओरबाडतात.

फोम: खरं काम इथे आहे

आमचे सीटवाले चाचा जुन्या मोंढ्याकडे बसतात. ट्रॅक्टरची गादी, रिक्षाची सीट, लग्नाच्या सोफ्याचं रेक्झिन, सगळं तिथे. स्पोर्ट्स कारची सीट समोर ठेवली तर त्यांनी आधी बोटाने दाबून पाहिली, मग नाकाजवळ नेऊन हुंगली, आणि म्हणाले, “फोम अच्छा है. मालिक बडा है.” कारागीर निवडताना एवढंच बघा, की तो घाईने कात्री उचलतो की आधी सीट बघतो.

सीटचं कव्हर खालून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी अडकवलेलं असतं आणि मधल्या खोलगट रेषांमध्ये लोखंडी रिंगांनी आतल्या तारेला बांधलेलं असतं. पट्ट्या सोडायच्या, रिंगा निप्परने तोडायच्या, कव्हर उलटं करत काढायचं. कुठली रिंग कुठे होती त्याचे फोटो काढा. बसण्याच्या भागात गरम करणारी तार असेल तर ती फोमला चिकटवलेली असते. ती दिसली तर त्या भागाला ब्लेड लावू नका.

फोमवर आता स्केचपेनने खुणा करा. खडूचा फोटो इथे उपयोगी येतो. साधारणपणे तीन जागा असतात.

पहिली जागा बसण्याच्या भागाचे बाजूचे उंचवटे. त्यांचा आतला उतार तासायचा, वरची उंची शक्यतो तशीच ठेवायची. एका वेळी एक सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. उंचवट्याच्या आत बऱ्याचदा पोलादी तार किंवा सांगाड्याची पट्टी असते. फोम दाबून ती आधी हाताला लागते का बघा. तार जिथे आहे तिथे फोमचा थर पातळ केला तर आधी टोचत होतं त्यापेक्षा दुप्पट टोचेल. तारच मांडीला लागत असेल तर ही सीट तुमच्यासाठी कापून सुधारणार नाही. आणि तार वाकवायची किंवा कापायची नाही.

तासायला चाचा एक्साब्लेडचं मोकळं पातं दोन्ही हातांत धनुष्यासारखं वाकवून धरतात आणि फोम साबणासारखा सोलतात. मग जाड सँडपेपरने कडा घासून मऊ करतात. मला वाटलं होतं इलेक्ट्रिक सुरी लागेल. मी उत्साहात “आणखी काढा” म्हणालो तर ते म्हणाले, “नक्को भाई, इत्ता नक्को काटो. पहले बैठो.” त्यांचं बरोबर होतं. दर थराला कव्हर नुसतं वरून टाकून, सीट जमिनीवर ठेवून, भिंतीला पाय लावून पंधरा मिनिटं बसायचं. मी त्या दिवशी त्यांच्या दुकानात चार वेळा बसलो. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघू देत.

दुसरी जागा म्हणजे बसण्याचा मधला भाग, डोकं छताला लागत असेल तर. इथे बहुतेक जण वरून फोम काढतात आणि खड्डा पडतो. फोम सांगाड्यातून उचला, उलटा करा आणि खालच्या बाजूने कापा. वरचा कंपनीचा आकार, जो साच्यात ओतलेला असतो, तसाच राहतो आणि माणूस खाली जातो. पण खाली निदान चार बोटं जाडी शिल्लक ठेवा. आपलं वजन पातळ फोम पार दाबून टाकतं आणि मग खड्ड्यात गाडी आदळली की सांगाडा थेट माकडहाडाला लागतो. फोम जुना होऊन बसला असेल तर खालच्या बाजूला अर्धा इंच ४० डेन्सिटीचा थर चिकटवता येतो. दुकानदार ३२ चा दाखवेल, तो पाठीला ठीक आहे, शंभर किलोच्या माणसाच्या बुडाखाली नाही. रिबाँड फोम, म्हणजे फोमचा चुरा दाबून चिकटवलेला, नको, तो विटेसारखा लागतो.

तिसरी जागा पाठ. पाठीच्या बाजूच्या उंचवट्यांना मी फक्त आतल्या, म्हणजे कन्सोलच्या बाजूने हात लावू देतो. दाराकडच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथला फोम, कव्हर, शिवण, कशालाही हात लावायचा नाही. ती शिवण एअरबॅग फुटताना उसवावी म्हणून मुद्दाम वेगळ्या दोऱ्याने घातलेली असते. चाचांना मी तो भाग चिकटपट्टीने झाकून दिला. याच कारणासाठी बाजारातलं बंद सीट कव्हरही अशा सीटवर चढवायचं नाही.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ चालतो, दोन्ही बाजूंना लावून थोडा वाळू देऊन मग दाबायचा. पण फोमच्या सांध्यावर, जिथे तुम्ही बसणार तिथे, थापू नका. तिथे वाळून कडक रेघ होते. आणि मराठवाड्यात हे काम करताना उन्हाळ्याचा हिशेब ठेवा. डिंकाचा वास उडून जायला दोन दिवस मोकळ्या हवेत सीट ठेवा. नाहीतर मे महिन्यात बंद गाडी उघडली की डोकं गरगरतं.

कव्हर परत चढवताना ते थोडं सैल पडेल, कारण आतलं माप कमी झालं आहे. आतून पातळ दोन-तीन मिलिमीटरचा फोमशीट लावला तर सुरकुत्या जातात. फक्त दिसण्यासाठी तेही करू नका, असं माझं मत. चामड्याला काही महिन्यांत स्वतःच आकार येतो.

पुढची कड आणि स्पेसर

मांडी पुढे अधांतरी राहते आणि सगळा भार कुल्ल्यांवर येतो, अशी तक्रार असेल तर सीटच्या पुढच्या दोन बोल्टांखाली दहा मिलिमीटरचे स्पेसर घालून कड थोडी उचलता येते. वाळूजला कुठल्याही लेथवाल्याकडे पोलादाचे भरीव, तीस मिलिमीटर व्यासाचे स्पेसर तासून मिळतात. वॉशरची चळत रचायची नाही. बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढा जास्त लांब, त्याच आट्यांचा आणि डोक्यावर १०.९ हा मजबुतीचा आकडा असलेला घ्या. रुळाखाली खुंट्या असतील, ज्या जमिनीतल्या खाचांत बसतात, तर स्पेसर घालायचाच नाही, कारण मग खुंट्या खाचेतून वर येतात. दहा मिलिमीटरच्या वर जाऊ नका. डोक्याला जागा नसेल तर हा उपाय विसरा.

सीटच बदलायची झाली तर

रेसिंगची बकेट सीट दिसायला भारी असते आणि जाड माणसाला बहुधा मूळ सीटपेक्षाही अरुंद पडते. घ्यायचीच असेल तर बाहेरची रुंदी विचारू नका. कुल्ल्यांच्या पातळीवर आतली रुंदी मोजा आणि प्रत्यक्ष बसून बघा. मूळ सीट गेली की तिच्यातली एअरबॅगही जाते. मग दिवा विझवायला रेझिस्टर लावून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना लांबून नमस्कार करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्याला मर्यादा आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सीट नक्की बघतो. ब्रॅकेट त्या गाडीसाठीच बनवलेलं असावं, अँगल वेल्ड करून तयार केलेलं नको. जुनी रेसिंग सीट स्वस्तात मिळत असेल तर लेबल वाचा. एफआयए या मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत बनवल्यापासून पाच वर्षांची असते.

पट्टा आणि रस्ता

सीट परत बसवली की पिवळ्या जोडण्या ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा, चारही बोल्ट हाताने दोन-तीन आटे फिरवून मगच पाना लावा, आणि पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला टॉर्क रेंचने घट्ट करा. बॅटरी शेवटी.

मग पट्टा. खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून, कमरेच्या हाडांवर गेला पाहिजे. पोट हाताने थोडं वर उचलून तो ओढून बसवावा लागतो. यात लाजण्यासारखं काही नाही. फोम काढल्यावर बकल खाली गेलं आहे का आणि एका हाताने लागतं का ते बघा. बीप बंद करणारी खोटी क्लिप आणि बाजारातलं पट्टा लांब करणारं एक्स्टेन्शन, दोन्ही नकोत. मूळ पट्टा पुरतच नसेल तर त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. पट्ट्याशिवाय दंड आहे, पण मुद्दा तो नाही.

चाचणी अंगणात होत नाही. मी शहरातून वेरूळला जातो, तीसेक किलोमीटर. दौलताबादचा चढ आणि वळणं यासाठी चांगली आहेत, कारण तिथे कळतं की उंचवटे जास्त तर नाही ना तासले. वळणावर अंग घसरायला लागलं आणि स्टिअरिंगला लटकावं लागलं तर जास्त झालं. परत येताना समृद्धीवर जालन्यापर्यंत एकसारख्या वेगाने जा. न हलता बसल्यावर किती मिनिटांनी पहिली मुंगी येते ते बघा. माझं आधी पंचवीस मिनिटं होतं, आता जालना गाठतो. पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

आणि कापलेले फोमचे तुकडे फेकू नका. कुठला तुकडा कुठला ते लिहून पिशवीत ठेवा. जास्त कापलं गेलं तर तोच तुकडा परत चिकटवता येतो, नवा कधीच इतका बरोबर बसत नाही. भाऊजींनी त्यांचे तुकडे माळ्यावर नीट नावं घालून ठेवले होते. दिवाळीच्या साफसफाईत ताईच्या हाती लागले. ‘उजवी मांडी’ हा तुकडा सध्या त्यांच्या सिंकजवळ आहे.